एक स्टार दिलेल्या आमच्या ग्राहकांना उत्तर : स्पिरुलिना आणि शुगरचे दोन रिपोर्ट

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. आमच्या स्पिरुलिनाच्या, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या, गोळ्या अठरा दिवस घेऊन शुगर उतरली नाही, उलट वाढली, बीपी होतं तिथंच राहिलं, भूक कमी झाली नाही आणि डबी उघडली की माशासारखा वास येतो, असं आपण लिहिलंय. प्रदर्शनातल्या स्टॉलवर माझ्या भाच्यानं 'शुगरवर रामबाण' म्हणून डबी हातात दिली, हेही लिहिलंय. त्यानं तसं म्हणायला नको होतं. मनापासून माफी मागते.

पण 'शुगर वाढवून लुबाडतात' हे वाक्य फार लागलं. आपणच जोडलेले दोन्ही रिपोर्ट मी मोबाइलवर मोठे करून पाहिले. ४ तारखेचा आकडा १३८, पुढे लिहिलंय 'उपाशीपोटी'. २२ तारखेचा १८४, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'जेवणानंतर दोन तासांनी'. साहेब, या दोन आकड्यांची तुलना होतच नाही. जेवल्यावर शुगर चढतेच, गोळी घ्या किंवा नका घेऊ. उपाशीपोटीचा आकडा उपाशीपोटीच्याच आकड्याशी लावायचा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणीही अठरा दिवसांत पुरतं काही सांगू शकत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला २००१ साली छापलेला अभ्यास आहे, टाइप २ मधुमेहाच्या २५ जणांचा. ज्यांना स्पिरुलिना दिली, त्यांना रोज २ ग्रॅम, तीही दोन महिने, आणि त्यांची शुगर उतरली. आपण दिवसाला दोन गोळ्या घेतल्या, म्हणजे १ ग्रॅम. २५ माणसं थोडीच, हे मलाही कळतं, म्हणूनच डबीवर आम्ही कुठंही 'औषध' छापलेलं नाही.

बीपीचंही तसंच. मेक्सिकोतल्या २००७ च्या प्रयोगात रोज साडेचार ग्रॅम, सहा आठवडे घेतल्यावर ते खाली आलं होतं. म्हणून आपण गोळ्या वाढवा असं मी मुळीच म्हणत नाही. बीपीच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे डबीवर आहे, अक्षर बारीक आहे ते मान्य. भुकेचं म्हणाल, तर दोन गोळ्यांत अर्धा-पाऊण ग्रॅम प्रथिनं, एका अंड्यात सहा. त्यानं पोट भरल्यासारखं वाटेल ही आशा स्टॉलवर दाखवली, ती चूकच.

वास मात्र सडल्याचा नाही हो. पहाटे पाचला आम्ही दोघी जावा हौदातलं हिरवं पाणी कापडातून गाळतो, चेपून निथळतो, शेवेच्या सोऱ्यातून जाळीवर पाडतो, मग वाळवतो. चांगल्या उन्हातही चौरस मीटरला दिवसाकाठी आठ-दहा ग्रॅमच निघतं. त्या वाळल्या शेवेला असाच वास येतो. दरावर आपण बोललात, त्याचंही कारण हेच आहे.

लेबलचं अक्षर मोठं करायचं आणि स्टॉलवर काय बोलायचं ते लिहून द्यायचं मनात आहे, पुढच्या बॅचपासून बघतो. राहिलेली डबी पाठवा, पूर्ण पैसे परत करते.

आणि एक. 'यांच्या भरवशावर डॉक्टरांची शुगरची गोळी बंद केली' असं आपण शेवटी लिहिलंय. ते वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. तसं आमच्याकडून कुणीही सांगितलेलं नाही, पण तो वाद राहू दे. आजच डॉक्टरांना भेटा, हा दुसरा रिपोर्ट सोबत न्या, आणि गोळी परत चालू झाली एवढं फक्त कळवा.