आधी वर तरी बघा रे!

आज सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा येत असेल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

नेहमीप्रमाणे अजिंक्यताऱ्यावर चालायला गेले होते. महादरवाज्यापाशी दम खायला थांबले, तर एक पोरगं गाडीच्या किल्लीनं दगडावर खरडत होतं. कर्र, कर्र. तो आवाज अजून दातांत बसलाय. शेजारून माणसं येतायत, जातायत, कुणाला काही नाही! मी ओरडले. घरी येऊन ग्रुपवर लिहिलं, तर आपल्यातल्याच एका बाईसाहेबांचं उत्तर: "अगं, श्रीलंकेतल्या खरडलेल्या भिंतीचे फोटो तूच कौतुकानं टाकले होतेस की! हजार वर्षांनी हापण इतिहासच." पुढं चार हसरे चेहरे.

हजार वर्षांनी म्हणे.

तर ती भिंत. जानेवारीत मी, हे, लेक आणि माझी 68 वर्षांची आई, कोलंबोला उतरून ड्रायव्हरसकट व्हॅन केली आणि अनुराधपूर, सिगिरिया, पोलोन्नरुवा, दांबुल्ला, कँडी असे आठ दिवस फिरलो. आई पुढच्या सीटवर. तिला इंग्रजी येत नाही, ड्रायव्हरदादाला मराठी येत नाही, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत दोघं सिंहली आकडे मोजत होते. एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत... "अगं, आपलेच आकडे आहेत, जरा सर्दी झाल्यासारखे," आई म्हणाली.

सिगिरिया म्हणजे सपाट रानात मधोमध उभा राहिलेला एकच प्रचंड खडक. बापाला मारून गादीवर बसलेल्या काश्यप राजानं पाचव्या शतकात त्याच्या माथ्यावर राजवाडा बांधला. भाऊ सूड घ्यायला येईल ही धास्ती. बाराशेच्या आसपास पायऱ्या, आणि वाटेत 'शांतता राखा' अशा पाट्या, कारण वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. (आपल्याकडं गडावर स्पीकर लावणाऱ्यांसाठी दोन पोळी मागवावीत का?)

निम्म्या चढावर कड्याच्या पोटात रंगवलेल्या बायका आहेत, हातात फुलं घेतलेल्या. त्यांच्याखालच्या वाटेला लागून ती भिंत. गुळगुळीत गिलावा, पूर्वी म्हणे आरशासारखा चकाकायचा. त्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत कविता कोरल्यात, बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकातल्या. भिक्षू, शिपाई, बायाबापड्या, जो चढून आला त्यानं लिहिलं. सेनरत परणवितान या संशोधकानं त्यातल्या 685 वाचून 1956 मध्ये छापल्या. गाईडनं एकदोनींचा अर्थ सांगितला आणि आईचा हात आपसूक भिंतीकडं गेला. मध्येच थांबला. तिनं तो पदरात गुंडाळून घेतला, लहान पोरानं तुपाची बरणी बघावी तशी बघत राहिली.

बाईसाहेब, फरक इथंच आहे. ती माणसं चढून आली, मान वर करून त्या बायांकडं बघितलं, जीव हलला, मग लिहिलं. आमची पोरं गडाकडं पाठ करून लिहितात. बदाम, बाण, इंग्रजी अक्षर. अरे, आधी वर तरी बघा!

हो, तिथली माणसंही काही देवमाणसं नाहीत. 1967 मध्ये कुणीतरी त्याच चित्रांवर रंग फासला होता. झालं समाधान?

आणि 2025 मध्ये प्रतापगड युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा सगळ्यांचे स्टेटस भगवे झाले होते, माझाही. अजिंक्यतारा त्या यादीत नाही. म्हणून काय तो खरडवही झाला?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. कारण एक गोष्ट मी ग्रुपवर सांगितलीच नव्हती. 2015 मध्ये एका मुलीनं त्या सिगिरियाच्या भिंतीवर आपलं नाव खरडलं, तर तिला दोन वर्षांची कैद झाली. पुढं राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. गाईड हे सांगत होता तेव्हा आईनं पदरातला हात आणखी घट्ट धरला. "पोर कुणाची होती गं?" एवढंच विचारलं.

सकाळी तेच आठवलं. मी त्या पोराला म्हटलं, "कुणाचा रे तू?" तो चटकन किल्ली खिशात घालून म्हणाला, "काकू, परवा ग्राउंड आहे. भरतीत नाव लागू दे म्हणून लिहिलं." बघितलं तर खरंच, नाव आणि खाली 'पोलीस भरती'. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. रोज दोनदा गड पळत चढतो म्हणाला. रोज दोनदा! मी आठवड्यातून चारदा कशीबशी जाते. तरी झापलंच, सोडलं नाही. पण मग त्याला कट्ट्यावर बसवलं आणि तटाकडं बोट करून सांगितलं, की 1700 मध्ये औरंगजेबानं हाच गड वेढला होता. पहिला सुरुंग उडाला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले, ते जिवंत निघाले. दुसरा उडाला आणि तट कोसळला तो बाहेर, मोगलांच्याच अंगावर.

पोरगं मान वर करून तटाकडं बघत राहिलं. बराच वेळ. मग विचारतं, "काकू, हे लेखीला येतं का?"

येतं म्हणून सांगितलं. अगदी छातीठोकपणे.