ऑथेल्लो, पंधरा मार्कांसाठी

इंग्लिश लिटरेचरच्या पेपरात प्रश्नाखाली 'डिस्कस' लिहिलेलं असतं, पण कोणाशी ते कुठेच लिहिलेलं नसतं. हॉलमध्ये डिस्कस केलं तर कॉपी केस होते.

शेक्सपिअरच्या ट्रॅजेडीच्या पेपरात कोण कशाने गेला एवढंच लिहायचं असतं, हॅम्लेट दिरंगाईने, मॅकबेथ महत्त्वाकांक्षेने, लिअर बिचारा गोडबोल्या पोरींना भुलून, ऑथेल्लो संशयाने. डेथ सर्टिफिकेटं भरतेय असंच वाटतं.

ऑथेल्लो मी मोठ्याने पाठ करत होते आणि आई भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. ऑथेल्लोने बायकोला, म्हणजे डेस्डिमोनाला, दिलेला रुमाल तिच्याकडून पडतो, एमिलिया उचलते, नवऱ्याला म्हणजे इयागोला देते, तो, डेस्डिमोनाचं कॅसिओशी लफडं आहे असं ऑथेल्लोला वाटावं म्हणून, कॅसिओच्या खोलीत टाकतो आणि कॅसिओ बियांकाला म्हणतो यावरची नक्षी मला उतरवून दे. आई म्हणाली, "एका रुमालापायी बायकोचा जीव घेतला? आणि त्या कॅसिओला सरळ तोंडावर विचारायला काय झालं होतं मेल्याला?"

आता १६९३ मध्ये थॉमस रायमर नावाच्या समीक्षकाने जवळपास हेच म्हटलंय, की रुमालावरून एवढा तमाशा कशाला, आणि नाटकाचा बोध काय तर बायकांनी आपले कपडे नीट सांभाळावेत. रायमर लिहिला की तो 'क्रिटिकल ओपिनियन', खाली रेघ मारायची, मार्क पक्के. आईचं लिहिलं तर लाल शेरा. तिचं चुकलं एवढंच की ती तीनशे वर्षं उशिरा बोलली, आणि तेही पीठभरल्या हातांनी.

पेपरच्या दिवशी मरणाचा उकाडा, मी घाम पुसायला रुमाल काढला तर सुपरवायझर मॅडम लगेच हजर, त्यांनी तो उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला, उजेडात धरला, मला दोन प्रश्न विचारले आणि परत दिला. माझ्यासमोर प्रश्न होता 'ऑथेल्लोमधील रुमालाचे महत्त्व'! ऑथेल्लो इयागोकडे डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो आणि त्याला मिळतं काय, तर कॅसिओ झोपेत काय बरळला त्याची गोष्ट आणि लांबून दिसलेला रुमाल. व्हेनिसच्या सेनापतीला पाच अंकांत जमलं नाही ते मॅडमनी मिनिटभरात उरकलं. पण उत्तरात त्यांना कसं घालणार, त्यांचं पुस्तक कुठे छापलंय?

इयागोच्या हेतूवर प्रश्न ठरलेलाच. तिथे कवी-समीक्षक कोलरिजचं 'मोटिव्हलेस मॅलिग्निटी' टाकल्याशिवाय उत्तर कोणी उत्तर धरतच नाही. आमचे बाबा सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, त्यांना सांगितलं की इयागो अनुभवी, लढाया मारलेला, तरी लेफ्टनंटची पोस्ट त्या पुस्तकी कॅसिओला गेली, आणि कोलरिज म्हणतो इयागोच्या दुष्टपणाला कारणच नाही.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "सीनियॉरिटी डावलली आणि कारण नाही म्हणतो? हा कुठे नोकरीला होता?"

"काही दिवस माल्टाला, तिथल्या कमिशनरचा सेक्रेटरी होता."

"हां, म्हणजे साहेबाच्या केबिनमधला," म्हणत त्यांनी पेपर परत उघडला.