सावकार कोण? ‘जंपकट’ यांच्या प्रतिसादाला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की, स्वतःच्या खिशातून फिल्म करणाऱ्यांनी आपल्या फिल्म आणि त्यांच्यावरची चर्चा एकाच मोठ्या कंपनीच्या भरवशावर ठेवू नये. छोटे छोटे सर्व्हर असावेत, ते एकमेकांशी जोडलेले असावेत. आम्ही काही जण पीअरट्यूब हे व्हिडिओ ठेवायचं-दाखवायचं सॉफ्टवेअर वापरून तसा एक सर्व्हर चालवतो, त्याबद्दलही लिहिलं होतं. त्यावर ‘जंपकट’ या टोपणनावाने आलेला प्रतिसाद असा:

“सर, विकेंद्रित वगैरे ऐकायला छान वाटतं. पण सर्व्हर तुमचा, नियम तुमचे, डिलीटचं बटण तुमच्या हातात. म्हणजे मोठा सावकार सोडून गल्लीतला सावकार धरायचा, एवढंच. उद्या तुम्ही कंटाळलात की आमच्या फिल्म गेल्या. शिवाय तिथे बघायला येतं कोण? पैसे कुठून मिळणार? मास्टोडॉनवर [ट्विटरसारखं, पण विकेंद्रित समाजमाध्यम] गेलेले सगळे महिन्याभरात परत आले. हा पुण्यातल्या रिकामटेकड्यांचा छंद आहे. आणि तुमचा नोंदणीचा फॉर्म भरताना तर पासपोर्ट काढतोय असं वाटलं.”

फॉर्मपासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. फॉर्म लांबलचक आहे. ‘आजवर केलेल्या फिल्मची यादी’ हा रकाना काल रात्रीच काढून टाकला. पहिलीच फिल्म करणाऱ्याने त्यात काय लिहायचं, हा प्रश्न रास्त आहे. रास्त टीका केली की मी ऐकते, हे यावरून लक्षात यावं.

आता बाकीचं. एक तर मी ‘सर’ नाही. शेजारी माझा फोटो आहे आणि लेखातली सगळी क्रियापदं स्त्रीलिंगी आहेत. म्हणजे लेख किती बारकाईने वाचला गेला ते उघडच आहे. दुसरं म्हणजे मी पुण्यात राहत नाही, सांगलीत राहते. पुण्यातल्या माणसांना रिकामटेकडं म्हणायचा पहिला हक्क आम्हा सांगलीकरांचा आहे, तो तुम्ही परस्पर वापरू नका.

‘सावकार’ हा शब्द मात्र सोडून देण्यासारखा नाही. टीका करा, पण तोंडाला येईल ते बोलायचं याला टीका म्हणत नाहीत. सावकार व्याज घेतो. इथे मी दर महिन्याला बिल भरते. सर्व्हरचं भाडं, डोमेनचं नूतनीकरण, साठवणुकीची जागा संपत आली की वाढीव जागेचे पैसे, हे सगळं बहुतांशी माझ्या खिशातून जातं. एकाही फिल्मवाल्याकडून मी आजवर रुपया मागितलेला नाही. कोणी चहाचे पैसे दिले तर घेतले आहेत. असा सावकार तुमच्या गल्लीत असेल तर पत्ता कळवा, आम्हीही त्याच्याकडे जाऊ.

आणि ‘डिलीटचं बटण’. हो, आहे माझ्याकडे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे तरी असावाच लागतो, त्याशिवाय सर्व्हर चालत नाही. स्पॅम कोण काढणार? मध्यरात्री डिस्क भरली तर उठून कोण बघणार? प्रश्न बटण कोणाकडे आहे हा नाहीच. ते दाबलं गेल्यावर तुमच्याकडे काय उरतं, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी ही व्यवस्था चालते कशी ते समजून घ्यावं लागेल. पहिल्या लेखात हे सांगितलं होतं, पण ठीक आहे, पुन्हा सांगते.

पीअरट्यूब ही कोणाची वेबसाइट नाही, ते सॉफ्टवेअर आहे. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट नावाच्या ना-नफा संस्थेने ते वाढवलं आणि २०१८मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. ते कोणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं. असे सर्व्हर एकमेकांशी अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. ही पद्धत डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २०१८च्या जानेवारीत अधिकृत मानक म्हणून जाहीर केली. मास्टोडॉनही तीच वापरतं. म्हणून मास्टोडॉनवरचा माणूस आमच्याकडच्या फिल्मखाली तिथूनच प्रतिक्रिया लिहू शकतो, त्याला आमच्याकडे वेगळं खातं काढावं लागत नाही. फिल्मची फाइल राहते मूळ सर्व्हरवर. दुसऱ्या सर्व्हरने ठरवलं तर तो तिची प्रत ठेवून बघणाऱ्यांचा भार उचलू शकतो. एकाच वेळी बरेच जण बघत असतील तर बघणाऱ्यांचे ब्राउझरही फाइलचे तुकडे आपापसात देऊ-घेऊ शकतात. २०२४पासून खातं निर्यात करायची सोयही आली आहे. व्हिडिओ, वर्णनं, सगळं एका फाइलमध्ये बांधून घ्यायचं आणि दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन उघडायचं. माझ्याशी पटलं नाही तर सामान उचला आणि चालू लागा, मी दारात आडवी पडणार नाही. कुठला सावकार गहाणाचे कागद असे हातात देतो?

दुसरा सर्व्हर कोल्हापुरात उभा राहायचा होता, तो अजून राहिलेला नाही. त्याची कारणं इथे लिहिण्यासारखी नाहीत आणि त्यात माझा दोष नाही. सध्या आम्ही फ्रान्स आणि जर्मनीतल्या काही सर्व्हरशी जोडलेले आहोत. जोडणी ती जोडणीच.

‘आमच्या फिल्म गेल्या’ म्हणताना तुम्ही असं सूचित करता की, मोठ्या कंपनीकडे त्या जात नाहीत. गूगलचं समाजमाध्यम ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. गूगल प्लसने एप्रिल २०१९मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी दुकान गुंडाळलं. फिल्मवाल्यांची लाडकी व्हिडिओ साइट विमिओ २०२५मध्ये एका इटालियन कंपनीने विकत घ्यायचा करार केला, तेव्हा तुमची परवानगी घेतली होती का? ब्लेंडरचं उदाहरण तर फिल्मवाल्यांनी पाठ करावं असं आहे. थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यांच्या छोट्या फिल्मही सर्वांसाठी खुल्या असतात. २०१८च्या जूनमध्ये त्यांच्या यूट्यूब चॅनलवरचे व्हिडिओ जगभर दिसेनासे झाले. वाद होता तो जाहिरातींवरून: त्यांना व्हिडिओंवर जाहिराती नको होत्या. काही दिवसांनी व्हिडिओ परत आले, पण तोवर त्यांनी स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभा केला होता. लाखो लोक वापरतात त्या ब्लेंडरची ही गत, तर आमच्या सर्व्हरवर फिल्म ठेवणाऱ्या जत तालुक्यातल्या मुलीची काय होणार?

माझीही गत सांगते, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. मी संकलक आहे. मुंबईत स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या यांत्रिक टेबलावर, सहायक म्हणून हात काळे केले. त्या काळी निगेटिव्ह कापताना चूक झाली तर ती ‘अनडू’ करता येत नव्हती, हे तुमच्या पिढीला सांगून कळायचं नाही. पुढे एक माहितीपट स्वतः केला, वारीतल्या बायकांवर. तो एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर टाकला. त्यात फलटणच्या पुढे एक टपरी आहे. बाई पायाला तेल चोळते आहे आणि मागे टपरीवाल्याच्या स्पीकरवर अभंग वाजतो आहे. अभंग तुकोबांचा, रेकॉर्डिंग कुठल्या तरी कंपनीचं. दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आला. पर्याय तीन: तेवढा आवाज बंद करा, तेवढा भाग कापा, नाहीतर फिल्मवर जाहिराती येतील आणि त्यांचे पैसे दावेदाराला जातील. मी हरकत घेतली, ती दावेदाराकडेच गेली आणि त्याने फेटाळली. म्हणजे फिर्यादी आणि न्यायाधीश एकच! कोणा माणसाशी बोलायची सोय शेवटपर्यंत सापडली नाही. आजही त्या प्रसंगात बाईचे ओठ हलतात आणि ऐकू काहीच येत नाही. आमच्या सर्व्हरवर तोच माहितीपट पूर्ण आवाजासह आहे. तुम्ही माझ्या बटणाबद्दल बोलता, पण मला निदान फोन करता येतो. नंबर फॉर्मच्या खालीच दिला आहे.

आणि हे जोडून घ्यायचं प्रकरण आपल्याला नवीन आहे असं समजू नका. मी सिनेमा शिकले ती फिल्म सोसायटीत, म्हणजे वर्गणी काढून एकत्र सिनेमे बघणाऱ्यांच्या मंडळात. १९५९मध्ये सत्यजित राय अध्यक्ष असताना फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन झालं. १९६८मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं. पुढे लहानसहान गावांतही सोसायट्या झाल्या. प्रत्येक सोसायटीची वर्गणी वेगळी, कार्यकारिणी वेगळी, भांडणं वेगळी, पण रिळांचे डबे या गावातून त्या गावात फिरत असत. आमच्या गावात एका प्राध्यापकांच्या व्हरांड्यात ते डबे ठेवलेले असत, प्रोजेक्टरही त्यांच्याच ताब्यात. त्यांना कोणी सावकार म्हटल्याचं मी ऐकलं नाही. (ते वारल्यावर सोसायटी चालली नाही हे खरं, पण त्याला टीव्हीही कारण होता.)

२००४च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘विकल्प’ हा माहितीपट महोत्सव झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात माहीत नाही. मी होते. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने, म्हणजे मिफने, भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचं करायचं ठरवलं, देशभरातल्या माहितीपटवाल्यांनी ईमेलवर एकमेकांना गाठून विरोध केला. अट मागे घेतली गेली. पुढे निवडीत नेमक्या टोकदार फिल्म गळल्या, तेव्हा या लोकांनी मिफच्या जवळच स्वतःचा महोत्सव भरवला. ना कुठली कंपनी, ना मालक. याच लोकांच्या आसपास पुढे मुंबई, बंगळूर आणि बर्लिनमधल्या गटांनी मिळून २००८मध्ये पॅड.मा हा इंटरनेटवरचा व्हिडिओसंग्रह उभा केला. तिथे फिल्ममध्ये न वापरलेलं फूटेजही ठेवता येतं आणि त्यावर सेकंदासेकंदाला टिपणं लिहिता येतात. हे सगळे रिकामटेकडे होते का?

आता आमच्याकडे प्रत्यक्षात होतं काय ते बघा. वर जिचा उल्लेख केला त्या मुलीने टँकरच्या पाण्यावर बावीस मिनिटांची फिल्म केली आहे. रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, तिने पासवर्ड लावून चढवला आणि पासवर्ड आम्हा चौघांना दिला. सर्व्हर लहान, त्यामुळे १०८०, ७२० आणि ४८० अशा वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती तयार व्हायला रात्र गेली. सकाळी कॉमेंट सुरू झाल्या. रत्नागिरीच्या साउंडवाल्याने लिहिलं: “१४:२० – हंडा खाली ठेवल्याचा आवाज कटच्या आधी सहा फ्रेम आण, म्हणजे पुढच्या शॉटमधली रांग आपोआप लांब वाटेल.” वेळेवर टिचकी मारली की फिल्म नेमकी तिथे जाते. तिने आवाज आधी आणला, नवी फाइल त्याच दुव्यावर बदलून टाकली, जुन्या कॉमेंट जागच्या जागी राहिल्या. रांग खरंच लांब वाटते. हे ‘नाइस वर्क ब्रो’च्या खाली कधी घडलं असतं? आपोआप निघणारी मराठी सबटायटल मात्र भयंकर असतात. ‘हंडा’चं ‘अंडा’ झालेलं आम्ही बघितलं आहे. त्यावर वेगळं लिहीन.

राहता राहिले तुमचे बाकीचे मुद्दे. बघायला येतं कोण? येतात त्यांना सिनेमा कळतो. आकडे मोजायचे असतील तर खुशाल यूट्यूबवर जा, कोणी अडवलेलं नाही. आम्हीही ट्रेलर तिथेच टाकतो. मास्टोडॉनवरून लोक परत आले असतील. २०१९च्या नोव्हेंबरात तिकडे गेलेल्यांपैकी मी अजून तिथेच आहे. पैशांबद्दल म्हणाल तर केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम (हिंदीतला नट नव्हे) आणि त्यांच्या ओडेसा कलेक्टिव्ह या गटाने ऐंशीच्या दशकात गावोगावी लोकांकडून वर्गणी गोळा करून फिल्म केली, आणि ती गावोगावी नेऊन दाखवली. इच्छा असली की होतं. तपशिलात आत्ता जात नाही, लेख आधीच लांबला आहे.

‘उद्या तुम्ही कंटाळलात तर’ या वाक्याला काय उत्तर देणार? कंटाळलेली नाही. ज्यांना एवढी काळजी आहे त्यांनी दुसरा पासवर्ड घ्यावा. रात्रीबेरात्री उठावं, बॅकअप तपासावा, बिलाचा निम्मा भार उचलावा. मागच्या दिवाळीत मी सगळ्यांना विचारलं होतं. दोघांनी अंगठा दाखवला, म्हणजे वरच्या दिशेचा, आणि पुढे काही नाही. जंपकट, तुमचा ईमेल प्रतिसादाबरोबर आलेला आहे, त्यावर कामांची यादी पाठवते आहे. खऱ्या नावाने उत्तर द्या, म्हणजे पुढे बोलता येईल.

या लेखाखालचे प्रतिसाद शनिवारपर्यंत सुरू ठेवते. सावकार, पाटील, सरंजामदार वगैरे शब्द असलेले प्रतिसाद प्रसिद्ध होणार नाहीत.