सोनभद्रच्या ३ हजार टन सोन्याचा मेसेज: खुलासा

युपीतल्या सोनभद्रला ३ हजार टन सोनं सापडलं हा मेसेज परत फिरतोय, परवा मीपण घाईत टाकला होता, सॉरी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितलंय की तिथे सुमारे ५२,८०६ टन खनिज आहे आणि टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार करा, साधारण १६० किलो! टनामागे इतकं कमी सोनं मोजायला दगडाची थोडी पूड शिशाच्या ऑक्साइडसोबत भट्टीत वितळवतात, शिसं सोन्याला ओढून घेतं, मग शिसं काढून टाकलं की उरतो बारीकसा मणी, कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून चकाकणारा दगड बघून काही कळत नाही. जुना मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर डिलीट करा.