टॅग फाइलच्या आत नसतात, मॅक सोडण्याआधी हे वाचा

मॅकवरून लिनक्सवर जाणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय: ‘टॅग फाइलच्या आतच असतात. ईएक्सटी-४ ला एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट चालतात. पेनड्राइव्हवर टाका नाहीतर आरसिंक -ए चालवा, सगळं येतं. ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाइली कचरा आहेत, त्या पुसा.’ यातलं एक वाक्य खरं आहे, आणि तेही अर्धवट. (टॅग म्हणजे फाइल ओळखायला तिला लावलेले शब्द. ईएक्सटी-४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था. एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे फाइलला बाहेरून जोडलेली जादा माहिती. आरसिंक ही फाइली कॉपी करणारी कमांड.)

‘टॅग फाइलच्या आतच असतात.’ मॅकच्या फाइंडरमध्ये एखाद्या फाइलला टॅग लावा आणि आधीचा-नंतरचा चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा) ताडून बघा. तोच येतो, साइजही तीच. टॅग म्हणजे धोब्याने कपड्याला टाचलेली चिठ्ठी; ती फाइल सिस्टिम एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणून सांभाळते. फोटोतलं एक्सिफ (तारीख, कॅमेरा वगैरे) आणि एमपीथ्रीतलं आयडीथ्री (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) मात्र खरोखर आत असतं. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

‘ठिपक्याच्या फाइली कचरा.’ हे वाचून मला अजून कळ येते. एफएटी-३२ किंवा एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर अ‍ॅट्रिब्यूट ठेवायला जागाच नसते. म्हणून मॅक ‘ओवी१२.एमपीथ्री’शेजारी ‘._ओवी१२.एमपीथ्री’ अशी छोटी फाइल बनवतो आणि चिठ्ठी तिच्यात ठेवतो. माझ्याकडे गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांची दोनशेच्या वर रेकॉर्डिंग होती. कोणती ओवी कोणी म्हटली, माहेर कुठलं, हे मी टॅगमध्ये लिहिलं होतं. लिनक्सवर उतरवल्यावर असाच सल्ला वाचून ‘._’वाल्या सगळ्या फाइली पुसल्या, आणि मॅक तोवर फॉरमॅट झाला होता. त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. आवाज आहे, पण तो कोणाचा हे सांगणारं कोणी उरलं नाही.

‘ईएक्सटी-४ ला चालतात.’ चालतात, हे खरं. पण लिनक्सवर साध्या युजरला ‘युजर.’ने सुरू होणाऱ्या नावाखालीच अ‍ॅट्रिब्यूट लिहिता येतो. अ‍ॅपलने टॅगच्या अ‍ॅट्रिब्यूटला दिलेलं नाव जसंच्या तसं स्वीकारलंच जात नाही. शिवाय मॅक टॅग बायनरी प्लिस्टमध्ये, म्हणजे साध्या मजकुरासारख्या न वाचता येणाऱ्या अ‍ॅपलच्या साच्यात ठेवतो, तर लिनक्सवरचा केडीईचा फाइल मॅनेजर डॉल्फिन ‘युजर.एक्सडीजी.टॅग्ज’मध्ये स्वल्पविरामाने तोडलेले साधे शब्द शोधतो. कोणीतरी भाषांतर करून दिल्याशिवाय त्याला काही दिसणार नाही. जागाही मोजकीच: नेहमीच्या सेटिंगमध्ये एका फाइलचे अ‍ॅट्रिब्यूट साधारण ४ केबीच्या एका ब्लॉकमध्ये मावावे लागतात.

‘आरसिंक -ए सगळं नेतं.’ नेत नाही. त्या ‘ए’मध्ये एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट येतच नाहीत, कॅपिटल ‘एक्स’ वेगळा द्यावा लागतो. लिनक्सवरची कॉपीची साधी कमांड सीपी ते सोडून देते. सीपी -ए नेते, पण समोरच्या डिस्कला ते चालत नसतील तर अवाक्षर न काढता पुढे जाते, हे जास्त वाईट. फाइलींचं एक गाठोडं करणाऱ्या टारला ते बांधताना आणि सोडताना, दोन्ही वेळा एक्सअ‍ॅट्रचा पर्याय सांगावा लागतो.

मॅक हाताशी असेल तर आजच टर्मिनलमध्ये एमडीएलएस चालवून फाइलचं नाव आणि टॅग यांची साधी टेक्स्ट यादी काढा. लिनक्सवर सेटफॅटरने ते लावा, गेटफॅटरने पाच-दहा फाइली तपासा, मगच मॅक फॉरमॅट करा. मॅक पुसला गेला असेल पण पेनड्राइव्ह अजून तसाच असेल, तर ‘._’ फाइलींना हात लावू नका. तो कोणाच्याही मॅकला लावलात की टॅग परत दिसतील.