फुकट घर आणि माहुल : एका आक्षेपाला उत्तर

मुंबईतील माहुल येथील झोपडीधारकांच्या पुनर्वसनावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. झोपडीधारकांना करदात्यांच्या पैशातून फुकट घरे मिळतात, हा पहिला. आणि ती घरे विकून ते पुन्हा झोपडी बांधतात, म्हणून त्यांना विस्थापित म्हणणे हा कांगावा आहे, हा दुसरा.

१९९५च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पुनर्वसनाची इमारत विकासक बांधतो आणि तो खर्च वाढीव चटईक्षेत्रातील (म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीतून उभ्या राहिलेल्या) सदनिका खुल्या बाजारात विकून वसूल करतो. जमीन सरकारी असेल तर सार्वजनिक मालमत्ता खर्ची पडते, हे मान्यच आहे; परंतु तिचा लाभ ३०० चौरस फुटांच्या खोलीला अधिक होतो की शेजारच्या विक्रीच्या मनोऱ्याला, हे वरळीत उभे राहून कोणालाही दिसेल. शिवाय हे मोफत घर सर्वांना मिळत नाही. त्यासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य कागदोपत्री सिद्ध करावे लागते (आधी ही तारीख १९९५ची होती, निवडणुका आणि तारखा यांचे नाते जुनेच आहे), आणि पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा मजूर परिशिष्ट दोन या पात्र झोपडीधारकांच्या अधिकृत यादीत सहसा येतच नाही. झोपडी पाडली गेल्यावर त्याच्यासाठी संक्रमण शिबिरही (तात्पुरता निवारा) नसते.

माहुलला पाठवलेली कुटुंबे तर पात्र ठरलेली होती. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतची त्यांची घरे पाडून त्यांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी वसवण्यात आले. तेथील हवेविषयीच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगितले आणि पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने ज्याची दखल घेतली, त्याला कांगावा कसे म्हणावे?

घरे विकली जातात, हे खरे आहे. मात्र धुणीभांडी करणाऱ्या बाईची चार घरची कामे पायी अंतरावर असतात. ती कामे सुटली आणि वर उद्वाहन (लिफ्ट) व देखभालीचा मासिक खर्च आला, की पक्के घर परवडेनासे होते. मूळ नियमात दहा वर्षे विक्रीला बंदी होती, त्यामुळे असे व्यवहार मुखत्यारपत्रावर उरकले जातात, आणि बाजारभाव व हातात पडलेली रक्कम यांतील फरक विकणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या पदरात पडतो.