माळ उजाड नसतो. ते खड्डे पावसाआधी बुजवा.

आज सकाळी एका ग्रुपवर फोटो आला. ‘उजाड माळावर 5 हजार झाडे, खड्ड्यांचे काम पूर्ण!’ फोटोत जेसीबी, दोरी लावून ओळीनं काढलेले खड्डे आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी पांढऱ्या मुरमाचा ढीग. खाली अंगठ्यांचा पाऊस. त्यात निम्मे आपलेच लोक, निसर्गावर मनापासून जीव असलेले. राग त्याचाच जास्त आला.

उजाड कुठे आहे तो माळ? मे महिना आहे, गवत वाळलंय. फोटो जरा मोठा करून बघा, पुढच्या ढिगाखालून कुसळी गवताची वाळकी काडी डोकावतेय. तिचा ठोंब जमिनीत जिवंत आहे. वळवाच्या दोन सरी पडू द्या, आठवड्यात हिरवा कोंब दिसेल. म्हणजे दिसला असता.

दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा म्हणजे 8 घनफूट. 5 हजार खड्डे म्हणजे 40 हजार घनफूट. पुणे, सोलापूर, नगरकडच्या अशा माळावर माती असते जेमतेम वीतभर, खाली नुसता मुरूम. जेसीबीचा पंजा तो मुरूम वर आणतो आणि जिवंत माती त्याच्याखाली गाडतो. ढीग पसरतो तिथलं गवत गुदमरून मरतं, आणि उकरलेल्या जमिनीवर पहिल्या पावसात गाजरगवत नि टाकळा येतो. पुढच्या वर्षी तेच बी सगळ्या माळावर. त्यात एप्रिल-मे म्हणजे माळटिटवीच्या विणीचे दिवस. उघड्या जमिनीवर 4 अंडी, अगदी खड्यांच्या रंगाची. जेसीबीवाल्याला ती दिसणार कशी? त्याचा काय दोष? दोष तिथे खड्डे काढायला सांगणाऱ्यांचा.

आणि लावणार काय, तर बहुतेक वेळा ग्लिरिसिडिया ही परदेशी झाडाची जात, कारण मेंढरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती जगते. ती जगली की गवत सावलीत विरळ होतं, आणि गवत गेलं की चिंकारा, खोकड, लांडगा सगळ्यांचं घर गेलं. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटर आहे. तेवढ्यावर चिंकारा जगत नाही, त्याला भोवतालचे हेच माळ लागतात. पण सरकारी दप्तरात यातले कितीतरी माळ ‘पडीक’. एकदा पडीक म्हटलं की कोणीही यावं आणि भलं करून जावं!

बरं, झाडं लावूच नका असं म्हणत नाही. जिथे जंगल तुटलंय तिथे, ओढ्याकाठी, गावठाणात जरूर लावा.

राहून राहून त्या फोटोतल्या अंगठ्यांकडे लक्ष जातं. पुण्याच्या ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’सारख्या संस्था माळ राखायचं काम करतात, त्यांच्या वाट्याला एवढे अंगठे येत नाहीत. कारण राखलेला माळ फोटोत आधीसारखाच दिसतो. पण काम केवढं असतं बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पवना, शेडा, डोंगरी, मारवेल या गवतांचं बी पिकतं. ते सगळं एकदम पिकत नाही आणि पिकलं की वाऱ्यावर जातं, म्हणून विळ्यानं तुरे कापायला त्याच माळावर दोन-तीन फेऱ्या लागतात. बी सावलीत वाळवायचं, कापडी पिशवीत ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतो नि बुरशी येते. ताजं बी नीट उगवत नाही, काही महिने मुरावं लागतं, म्हणून पेरणी पुढच्या जूनमध्ये. हेक्टरी 5-6 किलो बी, चिकणमाती आणि शेणात कालवून बारीक गोळ्या करायच्या, नाहीतर मुंग्या उचलून नेतात. वर मातीचा नुसता हात फिरवायचा. बोटभर खोल गेलं की उगवण संपली. घाई असेल तर ठोंब फोडून 50 सेंटिमीटरवर लावायचे, पण मग हेक्टरी 40 हजार ठोंब लागतात आणि ते आणायचे कुठून? दुसऱ्या माळावरून उपटून तर नाही.

मग दोन पावसाळे चराई थांबवायची. इथेच संस्थांचंही चुकतं. कुंपण घालतात आणि धनगरांशी बोलत नाहीत. कुंपण दोन महिन्यांत तुटतं, आणि तुटलं नाही तरी वाळलेलं गवत साठत जातं, मग फेब्रुवारीत वणव्याला आगपेटीची एक काडी पुरते. त्यापेक्षा दोन पावसाळ्यांनंतर माळाचे चार भाग करायचे, दरवर्षी एक भाग बी गळेपर्यंत बंद, बाकीचे पाळीनं खुले. कुठला भाग आधी खुला करायचा ते मेंढपाळाला विचारून ठरवायचं, कारण पाणी कुठे टिकतं ते त्याला ठाऊक असतं. जानेवारीत निदान 3 मीटर रुंदीची जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा. यातल्या एकाही कामाला फीत लागत नाही.

आपल्यातले बरेच जण कंपन्यांमध्ये आहात. मोठ्या कंपन्यांना कायद्याप्रमाणे नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, ती कुठे जायची त्याचे कागद तुमच्या टेबलावरूनच जातात. पुढचा ‘वृक्षारोपण’ प्रस्ताव आला की एवढंच विचारा: तिथे आत्ता काय उगवतं? ऑक्टोबरातला फोटो दाखवा. मेमधला नको.

राग ओसरतोय लिहिता लिहिता. ज्यांनी खड्डे काढले त्यांनी वाईट हेतूनं काढले नाहीत, हे मलाही कळतं. आणि खड्डे अजून रिकामे आहेत. म्हणून त्या ग्रुपवरच्या मंडळींना हात जोडून सांगतो, पावसाआधी बुजवा. जेसीबी नको, फावडी घ्या. आधी मुरूम खाली, मग वरची काळसर माती, दर अर्ध्या फुटाला पायानं दाबून. वर चार बोटं उंचवटा ठेवा, पावसात तो खाली बसतो. सपाट बुजवलात तर खळगा पडेल आणि पाणी साचेल. शेजारच्याच गवताच्या वाळक्या काड्या, तुऱ्यांसकट, त्यावर पसरा आणि उडू नयेत म्हणून दोन दगड ठेवा. बुजवण्याआधी प्रत्येक ढिगाभोवती खाली वाकून बघा, अंडी असतील तर तेवढा खड्डा तसाच सोडून पुढे जा.